उसाचा काटा तपासता, अंगाचा कधी?

कारखान्याच्या काट्यावर उसाची ट्रॉली चढली की आपल्या शेतकऱ्याची नजर आकड्यावरून हलत नाही. दोन-चार क्विंटलांची तूट दिसली तर गावभर बोभाटा होतो, आणि तो व्हायलाच हवा. कापूस असो, कांदा असो की सोयाबीन, काटामारी आपण खपवून घेत नाही. डेअरीवर दुधाचे माप आणि फॅट सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत तेल घालून पाहतो. पण वाचकहो, एक साधा प्रश्न विचारतो. तुमचं स्वतःचं वजन किती? घरातल्या सुनेचं किती? म्हाताऱ्या आईचं गेल्या दिवाळीला किती होतं आणि आज किती आहे? बहुतेक घरांत या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. जनावराचा अंदाज आपण चटकन सांगतो, घरच्या माणसाचा सांगता येत नाही.

"वजन करून काय होणार? मरण काय काट्यावर लिहिलेलं असतं?" असे कुणी म्हणेल. लिहिलेले नसते, हे खरेच. पण माणसाचे आयुष्य कुठल्या वाटेने चालले आहे हे सांगणाऱ्या ज्या मोजक्या साध्या खुणा आहेत, त्यांत वजन ही सर्वांत स्वस्त खूण आहे. रक्त काढावे लागत नाही, तालुक्याला जावे लागत नाही. आणि ही खूण दोन्ही बाजूंनी बोलते. फार कमी वजन आयुष्य तोडते, फार जास्त वजनही तोडते. आपल्याकडे तर ही दोन्ही दुखणी एकाच गावात, कधी एकाच घरात नांदतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच बायकांमागे एक कमी वजनाची निघाली आणि चौघींमागे जवळजवळ एक जादा वजनाची. पाच वर्षांखालच्या शंभर मुलांत ३६ मुले वयाच्या मानाने कमी वजनाची होती.

वजनाचा आणि आयुष्याचा संबंध इतका जुना आणि इतका खोल आहे, हे जगाला कळले ते एका वहीमुळे. ती गोष्ट गावच्या कारभाऱ्यांनी नीट वाचावी अशी आहे.

इंग्लंडात हर्टफर्डशायर नावाचा परगणा आहे. तिथे १९११ पासून मार्गारेट बर्नसाइड या मुख्य आरोग्यसेविकेच्या देखरेखीखाली एक शिस्त घातली गेली. गावात मूल जन्मले की सुईणीने त्याचे वजन करून लिहायचे. मग परिचारिकेने घरी येत राहायचे, आणि मूल वर्षाचे झाले की पुन्हा वजन करून त्याच वहीत नोंदवायचे. आपल्या अंगणवाडीताई आणि आशाताई जे काम करतात, तसेच काम. त्या वेळी कुणाला वाटलेही नसेल की या आकड्यांचा पुढे काही उपयोग होईल. वह्या मात्र जपून ठेवल्या गेल्या. पुढे साउदम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर आणि त्यांचे सहकारी यांनी १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या साडेपाच हजारांवर पुरुषांच्या त्या नोंदी काढल्या आणि त्यांतले कोण कशाने वारले याचा ताळा घातला. १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वर्षाच्या वयाला ज्यांचे वजन सव्वाआठ किलोच्या आत होते, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सव्वाबारा किलोच्या वर असलेल्यांच्या मानाने अडीच पटीहून जास्त निघाले.

विचार करा. पाळण्यात काढलेला आकडा आणि पन्नाशी-साठीत आलेला मृत्यू यांचा संबंध लागला. याचे कारण शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. रोपवयात ताण बसलेल्या पिकाला मागाहून पाणी दिले, खत दिले, तर पाला वाढतो. पण गेलेली घडण पुरती भरून येत नाही. पोटातल्या बाळाला अन्न कमी पडले की शरीर आधी मेंदू सांभाळते आणि बाकीच्या अवयवांना हात आखडता घेते. मूत्रपिंड, स्वादुपिंड, स्नायू यांची घडण उणी राहते. तेच मूल पुढे मोठे होऊन चार पैसे मिळवू लागले, बसून खाऊ लागले की त्या उण्या घडणीवर जादा भार पडतो आणि साखर, रक्तदाब, हृदय यांची दुखणी लवकर गाठतात.

ही इंग्लंडची गोष्ट झाली. पण साउदम्प्टनच्याच संशोधकांना सोबत घेऊन पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत हेच काम सुरू केले. शेतावर राबणाऱ्या आपल्याच आयाबहिणी त्यात होत्या. गरोदरपणाआधी त्यांची सरासरी उंची १५२ सेंटीमीटर, म्हणजे पाच फूट, आणि वजन अवघे ४२ किलो. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची जन्मली. साउदम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. आता खरी गंमत पुढे आहे. आपली बाळे काटकुळी होती, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. म्हणजे वरून बारीक, आतून चरबीचे. ही ठेवण आपण जन्मतःच घेऊन येतो.

मोठेपणीही ती सुटत नाही. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली स्वतःचेच उदाहरण छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, दोघांचा बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. तेव्हा "मी कुठं जाड आहे, हाडकुळा तर आहे" असे म्हणून आपल्यापैकी कुणी निर्धास्त राहू नये. हातपाय काडीसारखे आणि सदऱ्याची खालची गुंडी ताणलेली, अशी माणसे गावच्या पारावर डझनाने दिसतात. त्यांचा आकडा ठीक असतो, पोट ठीक नसते.

मग वजन असावे तरी किती? हिशेब सोपा आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे. जो आकडा येईल तो बीएमआय. तो साडेअठराच्या खाली गेला तर वजन कमी, आणि आपल्या लोकांसाठी २३ च्या वर गेला तर जादा. भागाकार नको असेल तर एवढे लक्षात ठेवा. पाच फूट उंचीच्या बाईचे वजन साधारण ४३ ते ५३ किलोत असावे. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाचे ५० ते ६२ किलोत. शिवाय शिंप्याच्या टेपने बेंबीजवळ पोटाचा घेर घ्यावा. पुरुषाचा ९० सेंटीमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच, आणि बाईचा ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, याच्या आत हवा.

हे आकडे कुणी हवेतून काढलेले नाहीत. २००९ साली सुमारे नऊ लाख लोकांच्या नोंदी एकत्र करून हिशेब झाला. त्यातले बहुतेक लोक युरोप-अमेरिकेतले होते. ज्यांचा बीएमआय ३० ते ३५ होता, त्यांचे आयुष्य दोन ते चार वर्षांनी कमी निघाले. आपल्या साडेपाच फुटांच्या आतबाहेरच्या माणसासाठी हे वजन ८२ ते ९५ किलो होते. ४० च्या वर गेलेल्यांची आठ ते दहा वर्षे गेली, म्हणजे जन्मभर सिगारेट ओढणाऱ्याइतकी. २०१६ साली चार खंडांतल्या २३९ पाहण्या एकत्र केल्या, त्यातही २० ते २५ च्या दरम्यान असलेलेच सर्वांत कमी मेले. त्याच्या वर मरण वाढते, आणि खालीही वाढते.

खालची बाजू आपल्याला जास्त लागू आहे. मुंबईत पस्तिशीच्या पुढच्या सुमारे दीड लाख लोकांवर काही वर्षे लक्ष ठेवले गेले. त्याचा निष्कर्ष २००८ साली आला. अगदी किडकिडीत, म्हणजे बीएमआय १६ च्या आत असलेल्या माणसांत मृत्यूचे प्रमाण बेताच्या वजनाच्या माणसांच्या दुपटीच्या आसपास होते. त्यात क्षयाने गेलेले फार. आपल्याकडे आयुष्य तोडणारा काटा अजून हलक्या पारड्याकडेच जास्त झुकतो, हे विसरून चालणार नाही.

इथे एक शंका रास्त आहे. रोगामुळे वजन उतरते की वजन उतरल्यामुळे रोग गाठतो? दोन्ही खरे आहे. बिडी-तंबाखूने भूक मरते, माणूस वाळतो, आणि मरण तंबाखूचे असले तरी दोष बारीकपणाला लागतो. म्हणून जाणत्या पाहण्यांत तंबाखू ओढणारे बाजूला काढून हिशेब करतात. पण वजन वाढवले तर माणूस खरोखर वाचतो का, याचा पडताळा झारखंडमध्ये मिळाला. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ ते २०२२ या काळात २८०० क्षयरुग्णांना औषधाबरोबर दरमहा शिधा दिला. तांदूळ, तूरडाळ, दूध पावडर, तेल. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला. ४० किलोच्या रुग्णाचे ५ टक्के म्हणजे किती? फक्त दोन किलो! रुग्णाच्या घरच्या माणसांनाही डाळ-तांदूळ दिला, तर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. दोन किलो वजनावर माणूस राहतो की जातो, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगणार?

आता आपल्या घराकडे येऊ. सुरुवात सुनेपासून करावी, कारण घरातल्या पुढच्या पिढीचे आयुष्य तिच्या वजनात आहे. गरोदर बाईने जास्त खाल्ले तर बाळ मोठे होईल आणि बाळंतपण अवघड जाईल, हा समज अजून कित्येक घरांत आहे. तो सोडा. पुण्याच्या त्याच सहा गावांत असे दिसले की ज्या आयांच्या खाण्यात दूध, पालेभाजी आणि फळे होती, त्यांची बाळे अधिक भरलेली जन्मली. आणि ज्यांच्यावर शेतीकामाचा, पाण्याचा, घरकामाचा जास्त बोजा होता, त्यांची बाळे लहान जन्मली. दुभते जनावर दारात, सगळे दूध डेअरीला आणि घरात चहापुरते, हा हिशेब तोट्याचा आहे. मेथी, चवळई, शेवग्याचा पाला, पेरू, शेंगदाणे, अंडी ही काही शहरातून आणायची चीज नव्हे. आणि सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले खायचे, ही बायकांची रीत गरोदरपणात तरी मोडा. सासूबाईंनी मनावर घेतले तर ती एका दिवसात मोडते.

मधल्या वयातल्या गड्यांची गोष्ट वेगळी. बाप बैलामागे दिवसभर चालायचा, लेक ट्रॅक्टरवर बसतो आणि शेतावरही मोटारसायकलने जातो. कष्ट उतरले, पण ताट तेच राहिले. वर दिवसाकाठी सहा-सात कप गोड चहा, नाक्यावरचा वडा आणि फरसाण यांची भर पडली. ढेरी म्हणजे खात्यापित्या घराची खूण, असे आपण कौतुकाने म्हणतो. ती खूण नाही, ती थकबाकी आहे, आणि व्याजासकट वसूल होते. चहातली साखर निम्मी करा, रोज अर्धा-पाऊण तास पायी चाला, रात्रीचे जेवण बेताने घ्या. ऊस पिकवणाऱ्याला साखर कमी खा म्हणणे विचित्र वाटेल. पण कारखान्याला ऊस घालण्याने सगळी साखर आपणच संपवली पाहिजे असे काही नाही.

म्हाताऱ्या माणसांचे मात्र उलट. त्यांना बारीक करण्याच्या भरीस पडू नये. उतारवयात आपोआप उतरणारे वजन ही धोक्याची घंटा असते. "बा हल्ली खंगलाय, वयच झालं आता" म्हणून आपण सोडून देतो. सहा महिने-वर्षात, काही केल्याशिवाय, वजन वीसावा हिस्सा उतरले, म्हणजे ६० किलोचा माणूस ५७ वर आला, तर डॉक्टरला दाखवायलाच हवे. मागे क्षय असेल, साखर असेल, गाठ असेल, नाहीतर दात पडल्यामुळे भाकरीच चावत नसेल. कारण साधे निघाले तर उपायही साधा असतो. पण उतरले हे कळायला आधी किती होते ते माहीत हवे ना?

म्हणून शेवटी वहीवर यायचे. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, आशाताई, अंगणवाडीताई, हा मजकूर तुमच्यासाठी. गावात काटा आहे, वही आहे, आता मोबाइलवर नोंदही होते. काम कुठे अडते? एक तर काटाच बिघडलेला असतो आणि आकडा मागच्या महिन्यावरून अंदाजपंचे पुढे सरकतो. नाहीतर आकडा खरा असतो, पण तो वर पाठवण्यापुरता. मूल हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात उतरले हे तालुक्याला कळते आणि त्याच्या आईला कळत नाही! खोटा आकडा लिहिणे हीसुद्धा काटामारीच आहे. फरक इतकाच की कारखान्यात ती पैशाची होते, इथे लेकराच्या आयुष्याची होते. हर्टफर्डशायरच्या परिचारिकांनी अंदाजे आकडे भरले असते तर जगाला काहीच कळले नसते.

आकडा नुसता खरा असून भागत नाही, त्यावर हालचाल व्हावी लागते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरोघर काळजी घ्यायला लावली. तिथे शंभरातली ४२ बाळे अडीच किलोच्या आत जन्मत होती. बायकांनी बाळाचे वजन केले, ऊब दिली, अंगावर पाजायला शिकवले, जंतुसंसर्ग ओळखून औषध दिले. हजारी ६२ नवजात मृत्यू तीन वर्षांत २५ च्या आसपास आले. आजच्या आशाताईंच्या घरभेटींचे मूळ तिथे आहे. जास्त शिकलेली माणसे तिथे बाहेरून आणली नव्हती. गावच्याच बायकांनी काट्यावरचा आकडा पाहिला आणि त्याच दिवशी काहीतरी केले, हा फरक.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत चार गोष्टी करून दाखवा. पहिली, अंगणवाडीचा आणि उपकेंद्राचा काटा तपासून घ्या. एक किलोचे वजनमाप किराणा दुकानातून आणले तरी काटा खरा की खोटा ते पाच मिनिटांत कळते. नादुरुस्त असेल तर ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला १० टक्के हिस्सा महिला व बालकल्याणासाठी असतो, त्यातून नवा घ्या. दुसरी, गावातली किती मुले कमी वजनाची आहेत आणि मागच्या सहा महिन्यांत ती वाढली की घटली, एवढे दोनच आकडे सभेत वाचून दाखवा. नावे वाचू नका. कुणाच्या घरची लाज चव्हाट्यावर आणायची नाही. तिसरी, ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत अडीच किलोच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या घरी आशाताई ठरल्या दिवशी पोचल्या का, याची विचारणा करा. चौथी, गावात क्षयाचा रुग्ण असेल तर त्याला नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला हजार रुपये केलेली पोषण मदत खात्यावर जमा होते का ते पाहा, आणि त्याचे वजन दर महिन्याला होते का तेही पाहा. या चारही गोष्टींना नवा जीआर लागत नाही.

आणि घरच्या कर्त्याने एकच करावे. दिनदर्शिकेच्या मागे दुधाचा हिशेब लिहिता ना? त्याच पानावर घरातल्या प्रत्येकाचे नाव घालून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वजन लिहा. काटा घरी नसेल तर अंगणवाडीत जा, उपकेंद्रात जा. कुणी पैसे मागत नाही. वर्षाअखेर ते बारा आकडे नुसते ओळीने वाचले तरी कुणाचे चढते आहे, कुणाचे उतरते आहे आणि कुणाला वेळेवर दवाखाना दाखवायला हवा, हे घरातल्या शाळकरी पोरालाही सांगता येईल.